पान लागलं

दारात कुणी विव्हळत आलं, की तांबोळी चाचा आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. नवख्या माणसाला हा माणूस दगडाच्या काळजाचा वाटे. मलाही वाटला होता. पेशंट जखम दाखवायला बाही वर सारत असे आणि चाचा विचारत, "कवा?" मग "कशानं?" आणि शेवटी "कुठं?" या प्रश्नांपायी मलकापुरातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्यांचं नाव 'कवाचाचा' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

चाचा आमच्या नोंद विभागाचे प्रमुख. मूळचे म्हसवडचे, उमेदीची वर्षंही तिकडच्याच एका दवाखान्यात गेलेली. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. मी सांगलीत, पेठेतल्या गल्लीत वाढलेली. मेडिकल कोडिंगचा कोर्स करून, कोरं करकरीत सर्टिफिकेट घेऊन तिथं रुजू झाले. प्रत्येक दुखण्याला आणि प्रत्येक जखमेला एक ठरलेला कोड असतो. तो अचूक शोधून कागदावर टाकायचा, एवढं आमचं काम. सकाळच्या गर्दीत नोंदणीची खिडकीही आम्हीच सांभाळायचो. कुत्रा चावला तर एक कोड, उंदीर चावला तर दुसरा. माणूस माणसाला चावला तर त्यालाही कोड आहे, हे मी मोठ्या कौतुकाने चाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यो भावकीसाठी ठिवलाय."

कोडावर त्यांचा राग नव्हता, पण घाई त्यांना खपत नसे. "कोड शेवटी. आदी माणूस काय बोलला ते लिव, त्याच्याच शब्दात." कुत्रा चावलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "घरचंच हाय, लस दिल्याली हाय." चाचा मान डोलवायचे आणि लिहायचे, 'घरचे आहे असे सांगतात. लसीचा कागद पाहिला नाही.' एकदा एक बागायतदार यावरून चिडले. "आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" चाचा शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर हाय की. कुत्र्याची आन् माजी वळख न्हाई." बागायतदारांनी निमूटपणे इंजेक्शन घेतलं आणि पुढच्या डोसाची तारीखही विचारून गेले.

एवढं सगळं रोज बघत असूनही माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच. एका सकाळी खिडकीशी एक म्हातारी सुनेला धरून आली. सुनेचं पाऊल फडक्यात बांधलेलं. मी विचारलं, काय झालं? म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली, "उसात गेल्ती. पान लागलंय." उसाच्या पात्याने हातपाय कापलेली माणसं आमच्याकडे रोजच यायची. मी लिहिलं, 'उसाचे पान लागून जखम', वर वनस्पतीमुळे झालेल्या इजेचा कोड टाकला आणि दोघींना ड्रेसिंगच्या बाकावर बसवलं. त्यांच्यापुढे सहा माणसं होती. एका फटक्यात कोड सापडला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

चाचा कागद चाळत आले आणि माझ्या ओळीवर थांबले. तडक बाकाशी गेले. "आवं मावशी, कंचं पान?" म्हातारीने नुसती मान खाली घातली. चाचांनी सुनेचा चेहरा वर केला. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. "कवा?" त्यांनी विचारलं. "न्याहारीच्या आदी," म्हातारी म्हणाली. चाचांनी स्वतः चाकाची खुर्ची ओढली आणि तिला डॉक्टरांपुढे नेलं.

मलकापूरकडच्या खेड्यांत सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणायचं नाही. पान लागलं म्हणायचं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या कोर्समध्ये जगातल्या सगळ्या प्राण्यांचे कोड होते, हा एक शब्द नव्हता. "पिढ्यान्‌पिढ्या पानं इकणारा तांबोळी मी," चाचा नंतर म्हणाले, "पर ह्या पानाला मीबी भितो."

ती सून वाचली. मधले दोन तास मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मी व्हाइटनर काढला आणि ती ओळ पुसायला घेतली, तोच चाचांनी माझं मनगट धरलं. "पुसायचं न्हाई. एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. बाजूला खरं लिव, सई कर, येळ टाक." माझे डोळे भरून आले. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? चाचांनी मला पाठीशी घातलं नाही. म्हणाले, "हिनं. आन् दुरुस्तीबी हिनंच केलीया." डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, मला चांगलं फैलावर घेतलं, पण नोकरी राहिली. त्या दिवशी मला चाचांचा राग आला होता. आज वाटतं, माझ्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नाही.

ते निवृत्त होऊन म्हसवडला परतले, तेव्हा मला तांबडं पेन आणि आपल्या कच्च्या टिपणांची एक जुनी वही देऊन गेले. त्याच आठवड्यात काम आटोपून घरी निघाले, तेव्हा सांगलीच्या एसटीत मी ती उघडली. पहिल्याच पानावर कोवळ्या, गोल अक्षरात एक ओळ होती: 'गोठ्यात जनावराने पायाला इजा. म्हैस.' तिच्यावर एक सरळ रेघ. बाजूला तांबड्या शाईत, 'चुकीची नोंद. जनावर म्हणजे साप. मी वेळ विचारली नाही.' सही, तारीख, वेळ. आणि खाली, 'बाई दुपारी गेली.'

घरी पोचल्यावर मी चाचांना फोन केला. विचारलं, "चाचा, ते पान फाडून का नाही टाकलंत?"

"मलाबी लागलंय ते पान, पोरी," चाचा म्हणाले. "फाडून उतरत न्हाई."

मग त्यांनीच विचारलं, "आज कोण आलं हुतं खिडकीला? कवा?"