दोरा तेवढाच

त्या सकाळी मी आयुष्यात प्रथमच निर्धास्त होतो. चाकणला आमच्या कंपनीत लाइनवर मोबाइल नेता येत नाही. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला, तर भाऊजींचे मिस्ड कॉल ओळीनं दिसले आणि फोन लावायचा धीरच होईना. मी मुळातच भित्रा. ताई म्हणायची, "पाल चुकचुकली तरी तुझ्या पोटात गोळा येतो." ताईला जाऊन आता महिना होत आला, तो गोळा अजून तिथंच आहे.

ताई दापोडीच्या एका शाळेत गणित शिकवायची. पण तिचे पहिले प्रयोग झाले ते धाकट्या भावावर, म्हणजे माझ्यावर. दोऱ्याला गाठ मारून ती एक वेटोळं करायची, ओट्यावर ते लांबट ताणून आत चिंचोके मांडायला लावायची. मग तेच वेटोळं गोल करून विचारायची, "आता किती मावतील?"

"तेवढेच. दोरा तेवढाच, तर जागाही तेवढीच," मी दरवेळी ठणकावून सांगायचो.

"चूक!"

आणि मावायचे जास्तच. काठ तेवढाच राहून आतलं वाढतं, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. ताई मात्र चुकीचं उत्तर कुणाचंच सोडत नसे. स्वतःच्या लग्नात मांडवाभोवतीची कनात अपुरी पडली, तर हळदीच्या अंगानं बाहेर येऊन तिनं लांबट मांडव चौरस करायला लावला होता. मांडववाला बघतच राहिला.

स्कूटरचं स्टँड लागून तिच्या पोटरीला खरचटलं, एवढंच निमित्त झालं. शुगर होतीच. पाय सुजला, लाली पसरली, हॉस्पिटलात सलाइन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "लाली वाढता कामा नये." माझी झोपच उडाली. त्या लालीला वेडेवाकडे फाटे फुटले होते. एकीकडे वाढल्यासारखी वाटे, दुसरीकडे ओसरल्यासारखी. शेवटी ताईच्या पर्समधला दोरा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि लालीच्या काठाकाठानं, प्रत्येक फाट्यात घालत फिरवला. जिथं पुरला तिथं गाठ मारली.

"काका, काय चाललंय तुमचं?" सिस्टर ओरडल्या. पण मला काहीतरी धरायला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी शिफ्टला जाण्याआधी तेच वेटोळं पुन्हा लावलं. नेमकं पुरलं! फाटे बुजून लाली गोलसर झाली होती. मला तेही चांगलं लक्षण वाटलं.

"ताई, दोरा तेवढाच लागला गं! वाढलेलं नाहीये."

तापानं तिचे डोळे जड झाले होते. तिनं वेटोळ्याकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं...

"बरोबर," ती म्हणाली. "जा आता, बस चुकेल."

ताईनं मला जन्मात पहिल्यांदा बरोबर म्हटलं होतं. मी हरखून चाकणची बस धरली. त्याच दिवशी लॉकर उघडला.

परवा संत तुकाराम नगरात तिच्या घरी गेलो होतो. भाऊजींनी तिची पर्स माझ्या हातात दिली. आतलं ते हॉस्पिटलातलं वेटोळं काढून ओट्यावर ठेवलं, तर ते आपसूक गोल पडलं. चिंचोक्यांची बरणी फळीवर आहे अजून. मी झाकण उघडलं आणि परत लावून टाकलं. भरून बघायची मला भीती वाटते. उत्तर आता मला येतं. त्या सकाळी ते ताईलाही येत होतं.