मला न विचारलेली खुर्ची

माझं नाव त्यांनी अण्णाला विचारलं.

मी समोरच होते, हातभर अंतरावर. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज देवानं मला दिलाय. तरी ट्रस्टचा तो माणूस माझ्या डोक्यावरून अण्णाकडे बघत म्हणाला, "हेसरेन्री इवरदु?" यांचं नाव काय? आणि माझ्या थोरल्या भावानं सांगितलं. मी नुसती मान डोलावली. सवय.

हुबळीतला मोठा हॉल. अपंगांना खुर्च्या वाटायचा कार्यक्रम, आणि स्टेजला पाच पायऱ्या! उतार नाही. चौघांनी मला माझ्या जुन्या खुर्चीसकट उचललं. एकाचा हात माझ्या काखेत. मी म्हटलं, "हात काढा." तो म्हणाला, "भिऊ नका अक्का, पाडत नाही." मी भीत नव्हते हो. मला किळस येत होती.

वर एक खुर्ची झेंडूचा हार घालून ठेवली होती. काळी, दणकट, बॅटरीवर चालणारी. हाताशी एक दांडी, ती ढकलली की झालं. खाली पुठ्ठ्यावर माझं नाव. ही मी मागितलीच नव्हती.

इथं जरा सांगायला हवं. पाय माझे पोलिओत गेले, दोन वर्षांची असताना. तेव्हापासून सगळा भार हातांवर. आता खांदे झिजलेत. फळ्यावर वरच्या ओळीत हात पोचत नाही, पोरीच म्हणतात, "टीचर, खाली लिवा." डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, अशी पूर्ण मोटारीची खुर्ची. खांद्यांना आराम, पण वजन दोघातिघांना उचलत नाही, घडी होत नाही, ऑटोत जात नाही. दुसरी, हातानंच चालवायची, पण चाकांतच मोटार बसवलेली. आपण थोडं ढकलायचं, बाकीचं चाक बघून घेतं. तिची चाकं निघतात, घडी होते, ऑटोच्या मागं बसते. घर आमचं रायापूरला, शाळा नवनगरात. रोज ऑटो. मोटारीची खुर्ची म्हणजे शाळा बंद. गणित शिकवते मी दहावीला, एवढं गणित मला येतं. ट्रस्टच्या फॉर्मवर दुसऱ्या खुर्चीपुढं खूण केली होती. दोनदा तपासून.

ट्रस्टचे अध्यक्ष माईकवर आले. "पाप, ई हुडुगी इन्न कै नोयिसकोळ्ळोदु ब्याड." बिचारी, या पोरीनं आता हात दुखवून घ्यायला नकोत. छत्तीस वर्षांची बाई मी, आणि पोरगी! टाळ्या पडल्या.

आणि ते "पाप". कानडीत पाप म्हणजे बिचारं, कीव येऊन म्हणतात. हे मला आज कळतं. सहा वर्षांची असताना कळत नव्हतं. आईच्या कडेवर सुभाष रोडला बांगड्या भरायला गेले होते. दुकानातली बाई माझ्या लोंबत्या पायांकडे बघून म्हणाली, "अय्यो, पाप!" घरात आम्ही मराठी बोलणारे. पाप म्हणजे पाप, यमाच्या दरबारातलं. घरी येईपर्यंत मी आठवत होते, काय केलं मी? शेंगदाण्याचा लाडू चोरून खाल्ला होता, तेवढंच. रात्रभर देवाची माफी मागितली. सकाळी आईला विचारलं, "लाडू परत दिला तर पाय येतील?" आई आधी हसली. मग पदर तोंडात धरून मोरीत गेली, ती लवकर बाहेर आली नाही.

तीस वर्षं तो शब्द ऐकतेय. बसस्टँडवर, लग्नात, स्टाफरूममध्ये. दर वेळी हसून सोडला.

त्या दिवशी सुटला नाही. अध्यक्षांनी माईक माझ्यापुढं धरला, आभार मानायला. मी म्हटलं, "ननग ई कुर्ची ब्याड्री." मला ही खुर्ची नको. नकार देतानाही 'री' लागलंच बघा, मान द्यायची धारवाडी जीभ मेली सुटत नाही. अध्यक्ष हसले, माझ्यावर नाही, अण्णाकडे बघून. "नीव हेळिद्रल्लरी?" तुम्हीच तर सांगितलंत ना?

अण्णानं मान खाली घातली.

ट्रस्टवाल्यांनी फोन केला होता. अण्णाला. माझा नंबर फॉर्मवर होता, तरी अण्णाला. आणि अण्णा म्हणाला होता, तिचं काय ऐकता, मोठीच द्या.

ती खुर्ची तिथंच सोडून घरी आलो. दारात तीन पायऱ्या. त्यानं नेहमीसारखं मला उचललं, आत खाटेवर बसवलं, आणि तिथंच जमिनीवर बसला. पन्नाशी गाठलीय त्यानं. धापा टाकत होता.

"का केलंस?"

"घरात बसशील म्हणून केलं," तो म्हणाला. "माझी पाठ गेलीय गं. तीस वर्षं उचलतोय तुला. मला काय पाहिजे, कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. स्टेजवर मी वाघीण झाले होते, इथं त्याच्या धापा मोजत बसले. पंधरा वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, दारात उतार बांधूया. तोच म्हणाला होता, "उतार कशाला? मी आहे की!" त्या 'मी आहे की'वर आमचं घर चाललं. त्यात त्याची पाठ गेली आणि माझं घराबाहेर पडणं त्याच्या हातात राहिलं. प्रेमानंच झालं सगळं. शिव्या कुणाला घालू?

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. अण्णा बघत उभा राहिला. लांबलचक उतार, अंगणातली तुळस हलवून. जुन्या खुर्चीला बसवायला मोटारीची चाकं माझ्या पगारातून मागवली, ती आठवड्याभरात आली. नुसत्या खांद्यांच्या जोरावर मला हा उतार चढता आला नसता, ही चाकं चढवतील.

"म्हणजे आता मी नको," अण्णा म्हणाला.

"उचलायला नको."

तो रडला. लहान पोरासारखा हुंदके देऊन. मी जवळ गेले नाही. गेले असते तर परत त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवलं असतं, आणि उतार तसाच पडून राहिला असता.

खांदे एक दिवस पुरते जाणार, डॉक्टरांनी लपवलेलं नाही. तेव्हा ती दांडीवाली खुर्ची मीच मागेन. पण मी मागेन.

सोमवारी सिमेंट वाळेल. सोमवारी मी एकटी खाली उतरणार. पडले तर पडले. मी हाक मारल्याशिवाय अण्णानं उंबरा ओलांडायचा नाही, हे त्याला तोंडावर सांगितलंय.