कौसामावशीचं लोखंड

कौसामावशीनं आपल्या डोक्यावरचं ओझं कधी कुणाला घेऊ दिलं नाही. पाण्याहून येताना कुणी हात पुढं केला, तर ती जराशी बाजूला व्हायची आणि तशीच चालू लागायची. उंच, रापलेली, मनगटं पुरुषासारखी. रेणापूरजवळच्या आमच्या गावात, बौद्धवाड्यात, तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. तिला मूल नव्हतं. आई कामावर गेली की आम्ही भावंडं तिच्याच चुलीपाशी जेवायचो.

बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, रस्ता काढायचं काम निघालं. सारा गाव मातीवर होता. मावशी पाट्या वाहायची, तिचा नवरा किसन कुदळ चालवायचा. एका दुपारी त्याची कुदळ कशावर तरी अडली, म्हणून तो वाकून खणलेल्या कपारीत शिरला आणि वरची कड ढासळली. माती उपसून त्याला काढलं तेव्हा तो संपला होता. त्याच्या शेजारी एक फार जुनी कबर उघडी पडली होती. काळी-तांबडी खापरं, हाडं आणि कवटीच्या उशाला एक काळा गोळा.

किसनची माती झाली. रस्त्याचं काम दुसरीकडं हललं. त्या जागेकडं फिरकायला कुणी धजेना. मावशी एकटी गेली आणि तो गोळा डोक्यावर घेऊन आली. दिसायला लहान घागरीएवढा, पण वजनाला अर्ध्या पोत्याचा. नवरा जिथं निजायचा तिथं तिनं तो ठेवला.

गंज चढू नये म्हणून ती त्याला करडीच्या तेलाचं फडकं फिरवायची. कालवणात तेलाचा थेंब नसायचा त्या दिवसांतही. वाण्याच्या दुकानात तेल मागताना 'घराला पायजे' एवढंच म्हणायची. पुढं गावातल्या बाया हळदीकुंकू घेऊन येऊ लागल्या. काळा गोळा, कबरीतून निघालेला, माणूस घेतलेला. काहीतरी असणारच, असं त्यांना वाटे. मावशी त्यांना उंबऱ्यावरूनच परतवायची. "त्याला देव करू नका," ती म्हणायची, "देव झाला की मला शिवू देणार न्हाईत."

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या गेल्या आणि आमच्या वाटेवर जीपगाड्या दिसू लागल्या. पांढरी बघायला एक प्राध्यापक आले. मावशीच्या घरात खाली बसून त्यांनी चहा घेतला, गोळा निरखला आणि कानशीनं घासून थोडा कीस नेला. काही महिन्यांनी परत येऊन त्यांनी सांगितलं, की ही अशनी आहे, आभाळातून पडलेलं लोखंड. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते आपल्या मेलेल्या माणसाच्या उशाला ठेवलं होतं. मावशीनं एवढंच विचारलं, की तो बाप्या होता का बाई. हाडं विस्कटल्यानं आता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

हे कळल्यावर त्या लोखंडाला मालक फुटले. टेकाड ज्यांच्या शेतात येत होतं ते अण्णा म्हणाले, जमीन आमची, तेव्हा वस्तू आमची. देवळाचे पंच म्हणाले, आभाळातून आलं ते देवाचं. सरकारचं म्हणणं होतं, की जमिनीतलं असं जुनं सारं सरकारचंच. शेवटी लातूरला चौकशी लागली. मावशीबरोबर मी गेलो होतो. तेव्हा मी कॉलेजात होतो. साहेबांनी तिला विचारलं, बाई, तुमचा यावर हक्क कशावरून?

"हक्क न्हाई मागत मी," ती म्हणाली. "ज्याच्या उशाला हुतं त्याचं ते. पर ते काढताना माझा माणूस गेला. तेवढं कुठंतरी लिवा."

साहेबांनी मान डोलावली. लिहू, म्हणाले.

गोळा सरकारकडं गेला. तो न्यायला जीप आली त्या सकाळी तिनं तो तेलानं पुसला आणि दाराच्या बाहेर येऊन उभी राहिली. नंतर कित्येक दिवस ती सवयीनं गोळ्याच्या रिकाम्या जागेला वळसा घालून चालायची.

मला नांदेडला नोकरी लागली, त्यानंतर मी तिला दूरच्या शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेलो. तिनंच हट्ट धरला होता. गोळा काचेच्या कपाटात होता, खाली पाटी. वाच म्हणाली. मी वाचलं: गावाचं नाव, लोखंडी अशनी, प्राचीन दफनात मिळाली.

"पुढं?"

पुढं काही नाही, मी म्हणालो. ती पाटीकडं बघत राहिली. अक्षरओळख नसलेली ती बाई त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा बघत होती. तेवढ्यात एक कुटुंब कपाटापाशी आलं. त्यातल्या बाईनं नवऱ्याला विचारलं, हे काय हो? तो पाटी वाचायला वाकला.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. इतक्या वर्षांत मीही ते तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या अनोळखी बाईला म्हणाली,

"हे किसननं काढलं. माझा माणूस. काढताना गेला."

ती बाई काहीतरी बोलली असावी, मला आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली.