बिजागरीची खीळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा स्वतःलाही नाही. तुम्ही ऐका – पण मला समजून वगैरे घेऊ नका, नुसतं ऐका.

आधी थोडी बढाई मारतो. ती मारल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दिग्रसमधला पहिला बंद ट्रेलर मी केला. मी! जीपच्या मागे जोडायचा, सागाची चौकट, वरून पत्रा, मागच्या बाजूला एकच दार, आणि सगळ्याला हिरवा रंग. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या भागात असली वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. तो बाजारातून निघाला की माणसं तराजू हातात तसाच धरून बघत राहायची. मला अजूनही त्याचा अभिमान वाटतो. वाटू नये, तरी वाटतो.

आणि लोक मला 'मिस्त्री' म्हणायचे. तुम्हाला हा शब्द साधा वाटेल. आमच्या घरात त्याआधी कोणाच्या वाट्याला मानाची हाक आलीच नव्हती. आम्ही दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, मी दिग्रसच्या जिनिंगमध्ये आधी झाडू मारला आणि मग तिथल्याच वर्कशॉपात हातोडा धरला. चारेक वर्षांत 'ए'चं 'अहो मिस्त्री' झालं. ज्या ओट्यावर माझ्या बापाला बसायची चोरी होती, त्याच ओट्यावर कापडाच्या शेठजींनी मला बसवून चहा पाजला, आणि ट्रेलरचं काम दिलं.

शेठजी आठवडी बाजारांत कापड विकायला पाठवायचे. जीप चालवायचे हिरामणभाऊ, फुलसावंगीजवळच्या तांड्यातले. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडलेले. हिरामणभाऊ मिशीवर हात फिरवून सांगायचे, "आमच्या आज्यानं जिंदगीभर लोकाईचा माल वाह्यला मिस्त्री, एक गोणी हरपली नाही." ट्रेलरची चावी ते कमरेच्या करदोड्याला बांधायचे. आंघोळीलाही सोडायचे नाहीत. म्हणजे गर्विष्ठ आम्ही दोघंही. म्हणूनच जमायचं.

शेठजींनी ट्रेलरचा आणि आतल्या मालाचा चोरीचा विमा उतरवला. कंपनीचे साहेब यवतमाळहून आले, कुलूप ओढून पाहिलं, दाराला खांदा मारला, आणि एक अट मोठ्यानं वाचून दाखवली – कुलूप, दार किंवा पत्रा फोडल्याची खूण असेल तरच भरपाई. चावीनं उघडून नेलेला माल म्हणजे घरच्याच माणसाचं काम. मी हसलो. म्हणालो, "साहेब, हे दार फोडाले हत्ती आना लागन." सगळे हसले. साहेबांनी 'मजबूत' असं लिहून घेतलं.

आता – कसं सांगू? मी तोवर केलेली दारं सगळी घरांची. घराचं दार आत उघडतं, बिजागरी आतल्या अंगाला येते, तिच्याकडे चोराचा हात पोचत नाही. ट्रेलरचं दार बाहेर उघडतं. बिजागरी बाहेर आली, सगळ्या जगासमोर. तिच्यात वरून एक खीळ घालायची असते आणि तिचं खालचं टोक ठेचून पसरवायचं असतं, म्हणजे ती निघत नाही. दाराला दोन बिजागऱ्या, दोन खिळी. रंगवायला दार उतरवावं लागणार म्हणून मी टोकं ठेचली नव्हती. दार परत बसवून खिळींवरून रंगाचा शेवटचा हात दिला, शेठजींना बाजाराची घाई, आणि ते ठेचणं राहून गेलं. खालून खिळ्यानं दोन टोले मारले की खीळ वर यावी आणि कुलपाकडे न बघता अख्खं दार बाजूला काढावं, आणि तसंच परत बसवावं, इतकं सोपं.

विसरणं हा गुन्हा नाही म्हणता? नाहीच. मी विसरण्याबद्दल बोलतच नाहीये.

फुलसावंगीचा बाजार होता. भर दुपारी हिरामणभाऊ झाडाखाली भाकर खायला बसले. ट्रेलर पलीकडे, झाडीच्या आड. परत येऊन दार उघडलं तर लुगड्यांचे गठ्ठे गायब. कुलूप जसंच्या तसं. पत्र्याला ओरखडा नाही. चावी करदोड्याला.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर दिग्रसला शेठजींच्या दुकानासमोर उभा होता. विम्याचे साहेब, शेठजी, बघे, आणि मधे हिरामणभाऊ. मला बोलावणं आलं. मी दाराजवळ गेलो आणि पाहिलं. वरच्या खिळीच्या माथ्याभोवती हिरवा रंग फुटला होता. बांगडीसारखा, गोल. खालच्या खिळीचंही तेच. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. मला दिसलं.

मी काय केलं? मी त्या बिजागऱ्यांना पाठ लावून उभा राहिलो.

शेठजी म्हणाले, "मिस्त्री, साहेबाले सांगा. चावीबिगर हे दार उघडते का?"

एक शब्द पुरला असता. फार तर माझं हसं झालं असतं, चार लोक म्हणाले असते, शेवटी ह्यांच्या हातचं काम ते. तेच मला नको होतं. मी मान ताठ करून म्हणालो, "नाही. माह्यं दार चावीबिगर उघडत नाही."

तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, तांडा तर जवळच आहे. बस. तेवढ्यावर ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या तोंडानं दिली. ज्या घरावर लोक जन्मभर जातीचं नाव घेऊन थुंकले, त्या घरातला मी – आणि मीच दुसऱ्याच्या जातीवर बोट दाखवायची जागा करून दिली.

हिरामणभाऊंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता हो त्यात, तोच तर त्रास आहे. म्हणाले, "मिस्त्री म्हन्तेत तं नसनच उघडत. त्याह्यच्या हातचं काम हाय. मंग चावी माह्याकडूनच कुठीतरी सुटली असन." त्यांनी माझ्या दारावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या कमरेवर नाही.

त्यांना ठाण्यात नेलं. ती गेली वेळ मी परत आणू शकत होतो. त्याच संध्याकाळी सांगता आलं असतं. त्याऐवजी मी, दार तपासतो म्हणून, हातोडा घेऊन ट्रेलरजवळ बसलो आणि दोन्ही खिळींची टोकं ठेचली. तोंडून एखादा शब्द चुकून गेला म्हणता येतं. हातोडा चुकून चालत नाही.

चोर सापडला नाही. चार दिवसांनी हिरामणभाऊ सुटले, पण नोकरी गेली, आणि तांड्यात आज्याचं नाव बुडवलं म्हणून लोक त्यांना टोमणे मारायचे. ते शेती करू लागले. पुन्हा गाडीला हात लावला नाही.

काही वर्षांनी ते माझ्या दुकानात आले. घर बांधलं होतं. म्हणाले, "दार पाह्यजे मिस्त्री. तुमच्याच हातचं." मी विचारलं, कोयंडा केवढा लावू? ते म्हणाले, "कोयंडा नको. कुलूप कायले? चावी आपल्याच्यानं सांभाळनं होत नाही." दुकानात आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, लाकूड सागाचं लावू की बाभळीचं?

दार बसवायला मी स्वतः तांड्यात गेलो. खिळी दोन्ही टोकांनी ठेचल्या. माणसं जमली होती. हिरामणभाऊंनी फळीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा! मी खोटा पडलो, पन याह्यचं दार कधी खोटं पडलं नाही."

खरं सांगतो. ते ऐकून माझी छाती फुगली.