आईचा आवाज पोचेल तिथे

कामशेतहून आणलेल्या कोऱ्या माठात आज पाणी भरलं आणि ओल्या मातीच्या वासासरशी मी शिकवायचे तो वडिवळ्याचा चौथीचा वर्ग आठवला.

मी सांगत होते, फार पूर्वी आपल्याकडे गेलेलं तान्हं मूल दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं जुळवून, घरातच जमिनीखाली पुरत.

"घरात का, बाई?" सुमनने विचारलं. तिचा तान्हा भाऊ नुकताच गेला होता. तान्ह्यांना आपण अजूनही पुरतोच.

"आईजवळ राहावं म्हणून असेल."

"आमचं बाळ लय लांब हाय, धरणाकडं. तितं आयचा आवाज जात न्हाई."

तिच्या शेजारी बसलेली कमल म्हणाली, "आमी म्हशी तिकडंच नेतो की. मी बोलत जाईन त्याच्यासंगं. म्हशी कुटं बोलत्यात?"

सुमन हसली.

तेव्हा ते मला पोरांचं बोलणं वाटलं. यजमान गेल्यापासून चहा टाकताना मीही त्यांच्याशी मोठ्यानं बोलते. साखर किती घालू, तेही विचारते.