समजा, असा एक आलेख आहे

विरारच्या आमच्या इमारतीत पाणी खालच्या नळालाच यायचं, तेही पहाटे तासभर. मी नेमका त्याच वेळी गणिताला बसायचो, कारण दिवसभर कॉलेजात शिकवून आल्यावर डोकं कामाचं राहायचं नाही. माझी पीएच.डी. होईपर्यंत पाणी भरायचं काम बायकोने अंगावर घेतलं. नळावरच्या सगळ्यांना हा करार ठाऊक होता.

माझा विषय आलेख. म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघेने जोडलेले ठिपके ते शेजारी; कुठल्याही दोन ठिपक्यांच्या सामाईक शेजाऱ्यांची संख्या सारखीच हवी, असल्या अटी घातल्या तर कुठले आलेख उरतात, हे अजून जगात कुणाला पुरतं माहीत नाही. मी त्यात पदरची एक अट घातली. 'समजा, असा एक आलेख आहे' असं लिहायचं आणि पुढे सिद्ध करत सुटायचं, ही आमची रीतच. प्रमेयं भराभर सुटत गेली. इतकी सोपी का सुटताहेत, ही शंका काही मला शिवली नाही.

प्रबंध टायपिंगला द्यायच्या आधी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सुरुवातीला एखादं उदाहरण टाका."

उदाहरण काढायला बसलो. लहान आलेख जमेना, मोठा जमेना. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच संपली. शेवटी त्याच रेघा दोन वाटांनी मोजून पाहिल्या. एकीकडून संख्या सम आली, दुसरीकडून विषम. पुन्हा मोजल्या, तेच. माझ्या अटी पाळणारा आलेख नव्हताच, असूच शकत नव्हता. नसलेल्या वस्तूबद्दल वाटेल ते सिद्ध होतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवत होतो.

सर चिडले नाहीत. "असा आलेख नाही, हेही तुम्हीच सिद्ध केलंत. दोन पानांचा लेख होईल," म्हणाले. बाकी सगळं गेलं. मला रडूही आलं नाही, नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"म्हणजे असला एकही नाही?" तिने विचारलं.

"एकही नाही."

ती खांदा चोळत बसली. "म्हणजे ज्याच्यापायी मी एवढं पाणी वाहिलं, ते नव्हतंच म्हणा."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेऊन मीच खाली गेलो. नळावरच्या शेजारणीने मला पाहिलं, तिचा चेहरा खुलला. "झालात का सर डॉक्टर?" म्हणाली, आणि कौतुकाने बाजूला सरून मला पहिला नंबर दिला.