इस्त्रीवाल्या वहिनींनी न सोडलेली बाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वहिनींचं इस्त्रीचं दुकान आहे. परवा भरदुपारी एकाने खुंटीवरचा गिऱ्हाइकाचा कोट उचलला. वहिनींनी टेबलाआडूनच बाही धरली. सुटका होईना, तेव्हा त्याने तापलेली इस्त्री त्यांच्या मनगटावर टेकवली. वहिनी किंचाळल्या, पण बाही काही सोडली नाही. शेवटी कोट टाकून तोच पळाला आणि समोरच्या सायकलवाल्याच्या हाती लागला.

चौकीत हवालदार म्हणाले, "कोट मिळाला ना? किरकोळ चोरी लिहून टाकू."

सोबत आलेला वहिनींचा नवराही पुटपुटला, "जाऊ दे गं, नसती कटकट."

वहिनींनी पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला. "नुसता कोट उचलला, तोवर चोरी होती, साहेब. कोट घेऊन पळायला मिळावं म्हणून मला भाजलं, ते किरकोळ? जबरी चोरी लिहा. तोवर मी इथून हलत नाही. यांना भूक लागली असेल तर हे जातील घरी."

नवरा शेजारी बसला. हवालदारांनी नवा कागद घेतला.

संध्याकाळी दुकान उघडं दिसलं, म्हणून मी डोकावले. वहिनी डाव्या हाताने तीच चुरगळलेली बाही सरळ करत होत्या.

"बघताय काय, काकू? टोक जरा ताणून धरा. कोट उद्या द्यायचाय."